तेही श्रोतेच आहेत

संगीतावर मत द्यायला पुणेकराला कुणाचं निमंत्रण लागत नाही, आणि रॉक-मेटलवर मत द्यायला तर ते ऐकावंही लागत नाही. मत आधीच ठरलेलं असतं. हे संगीत नव्हे, गोंगाट. तिथे जाणारी पोरं ऐकायला जातच नाहीत, प्यायला आणि एकमेकांच्या अंगावर आदळायला जातात. गाणारा ओरडतो, कारण त्याला गाता येत नाही. या सगळ्यामागे सैतानाची भक्ती आहे. पाश्चात्त्यांचं उष्टं आहे, बापाच्या पैशावर चाललेलं आहे, आणि नोकरी लागून लग्न झालं की आपोआप उतरेल.

हे मत कट्ट्यावरच राहिलं असतं, तर त्यावर शाई खर्च करायचं कारण नव्हतं. पण ते सोसायटीच्या सभेत ठराव होऊन येतं, मैदान भाड्याने देणाऱ्याच्या मनात भीती घालतं, परवानगीच्या टेबलावर फाईल अडवतं, आणि कितीतरी घरांत वीस वर्षांच्या मुलामुलींना खोटं बोलून मैफलीला जायला लावतं. म्हणून ते तपासायला हवं. तपासू लागलं की त्यातलं फार थोडं शिल्लक राहतं.

गोंगाटाचंच आधी घेऊ. २०१० साली पुण्यात सुरू झालेल्या एनएच७ वीकेंडर या महोत्सवाचं दहावं पर्व २९ नोव्हेंबर ते १ डिसेंबर २०१९ या तीन दिवसांत नगर रस्त्यावरच्या महालक्ष्मी लॉन्सवर झालं. स्वीडनचा ओपेथ, ऑस्ट्रेलियाचा कार्निव्हूल हे बँड, मेगाडेथ या बँडमध्ये दहा वर्षं गिटार वाजवलेला मार्टी फ्रीडमन अशी मंडळी तिथे आली होती. ओपेथच्या कितीतरी रचना दहा-दहा मिनिटांच्या असतात. आधी घशाच्या तळातून आलेली गुरगुर, मग स्वच्छ, मऊ गळ्याने गायलेल्या चार ओळी, मध्येच सगळी वाद्यं थांबून एकटी अकूस्टिक गिटार, आणि तिच्यातून पुन्हा सुरुवातीची धून वेगळ्या वजनाने उभी राहते. हे सगळं थंडीत, उभ्याने, पाय दुखत असताना ऐकणारा माणूस नेमकं काय करत असतो? ज्याला नुसता दणदणाट हवा, त्याने दहा मिनिटांची रचना कशासाठी सोसावी? त्याची सोय तीन मिनिटांच्या कुठल्याही नाचगाण्यात होते, तीही फुकट.

लयीच्या बाबतीत तर तबला जाणणाऱ्या पुणेकराने या संगीताचा शेजार आनंदाने मान्य करायला हवा. स्वीडनच्याच मेशुगा या बँडच्या अनेक रचनांत ड्रमची झांज सरळ चार मात्रांचा ठेका धरून चालते. गिटार आणि पायाने वाजणारा ड्रम मात्र विषम लांबीचा एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतात. त्यामुळे तो तुकडा दरवेळी ठेक्यातल्या वेगळ्या जागी पडतो, सरकत सरकत दूर जातो, आणि ठरलेली आवर्तनं पुरी झाली की दोन्ही एकाच ठोक्यावर येऊन मिळतात. त्या ठोक्यावर सगळ्या मैदानाच्या माना एकदम खाली जातात. ज्याने मनात मात्रा धरून ठेवलेली नाही, त्याची मान त्या ठोक्यावर कशी पडेल? १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सवाने समेवर दाद देणारा श्रोता घडवला, याचा या शहराला रास्त अभिमान आहे. मग दुसऱ्या एका संगीतातली सम अचूक धरणारा पुण्यातलाच मुलगा त्या शहराला धांगडधिंगा घालणारा का वाटावा?

आता गळा. मेटलमधली गुरगुर म्हणजे बेसूर किंचाळणं, ही समजूत फार पसरलेली आहे. खऱ्या स्वरतंतूंच्या वर स्वरयंत्रात आणखी दोन घड्या असतात. त्या कंप पावू लागल्या की खर्जाच्याही खालचा, खरखरीत नाद निघतो. मंगोलियाच्या शेजारच्या तुवा प्रांतातले गायक आणि तिबेटी भिक्षू त्यांच्या पठणात याच घड्यांचा उपयोग करतात. तिबेटी मठातला तो आवाज ऐकून आपण हात जोडतो, आणि तोच आवाज काळ्या टी-शर्टमधून आला की कानावर हात ठेवतो. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉससारख्या शिक्षिका या आवाजाचं रीतसर प्रशिक्षण देतात, कारण श्वास आणि घसा सांभाळला नाही तर गायकाचा आवाज दोन दिवसांत बसतो. ओपेथचा मिकाएल ओकरफेल्ट एकाच रचनेत गुरगुरतो आणि लगेच पुढच्या ओळीला गोड गातो. हे गाता न येणाऱ्याचं काम आहे का?

सगळ्यात मोठा आक्षेप गर्दीवर आहे, आणि तो बहुधा मोबाईलवर पाहिलेल्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीवर उभा असतो. त्या चित्रफितीत पोरं एकमेकांना धडका देताना दिसतात. त्या धडका कशा सुरू होतात, कशा थांबतात आणि मध्ये काय चालतं, ते त्यात दिसत नाही.

म्हणून जरा जवळ जाऊन पाहावं. गाण्याचा वेग वाढणार हे कळताच मंचासमोरचे लोक हात पसरून मागे सरकतात आणि मधे मोकळी गोल जागा होते. याला पिट म्हणतात. ज्याला आत जायचं नाही तो कडेला उभा राहतो, आणि कडेची माणसं हाताच्या कोपरांनी त्याच्यासाठी कुंपण धरतात. आत गोल धावणं सुरू होतं. मैदान कोरडं असेल तर धूळ गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत उठते, म्हणून सराईत पोरं आधीच नाकाला रुमाल बांधून आलेली असतात. एखादा घसरून पडला, तर त्याच्यामागून येणारे दोघे-तिघे जागच्या जागी थांबतात, दोन्ही हात आडवे करून मागच्यांना अडवतात, आणि चौथा त्याला काखेत धरून उभा करतो. पडल्यापासून उठेपर्यंत तीन-चार सेकंद. कुणाचा चष्मा पडला तर सापडणारा तो डोक्यावर उंच धरून उभा राहतो आणि मालक येईपर्यंत हात खाली करत नाही. सुटलेल्या बुटाचंही तसंच. बुटाची नाडी बांधायला कुणी वाकला, तर अनोळखी माणसं त्याच्याभोवती पाठ करून उभी राहतात. हा नियम कुठे छापलेला नाही, पण पहिल्यांदा आलेल्या पोराला तो पाच मिनिटांत कळतो, कारण तो मोडणाऱ्याला तिथेच खडसावलं जातं.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी या पिटचा अभ्यास करून २०१३ साली फिजिकल रिव्ह्यू लेटर्स या नामांकित नियतकालिकात शोधनिबंध छापला. जेसी सिल्व्हरबर्ग हा त्यातला प्रमुख संशोधक स्वतः मेटलचा चाहता. धडका देणाऱ्यांची हालचाल वायूच्या कणांसारखी असते, आणि गोल धावणाऱ्यांचा आपोआप भोवरा तयार होतो, असं त्यांना आढळलं. ज्या गर्दीला आपण बेभान म्हणतो, तिच्यातही समजून घेण्याजोगी व्यवस्था असते, एवढं त्यातून नक्की दिसतं.

पण चेंगराचेंगरी झाली तर? प्रश्न खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. २००० साली डेन्मार्कच्या रोस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम या बँडच्या कार्यक्रमात ९ तरुण गर्दीत दबून गेले. त्यानंतर मंचासमोरच्या गर्दीचे कठड्यांनी भाग पाडणं, मोजून माणसं आत सोडणं याबाबत तिथे कडक नियम आले. दुसरीकडे २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत शेकडो भाविक मेले. तिथे ना गिटार होती ना ड्रम. माणसं मरतात ती अरुंद वाटेने, बंद फाटकाने आणि बेफिकीर नियोजनाने. ज्याला गर्दीच्या जिवाची काळजी आहे, त्याने आयोजकाला फाटकं किती, डॉक्टर कुठे, पाणी कुठे, हे विचारावं. बँड कोणता, हे विचारून कुणाचा जीव वाचत नाही.

मुलींच्या सुरक्षिततेचा मुद्दा याच ओघात येतो. गर्दीचा फायदा घेणारे नालायक या मैदानावरही येतात आणि तिथे त्यांना बाहेर काढायलाच हवं. पण हेच नालायक लोकल गाडीत, जत्रेत, मिरवणुकीत असतात, म्हणून मुलींनी तिथे जाऊ नये असं आज कुणी उघडपणे म्हणत नाही. इथे मात्र म्हणतात, आणि त्याला काळजीचं नाव देतात.

हे संगीत ऐकून पोरं हिंसक होतात, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड विद्यापीठात लिआ शार्मन आणि जेनेव्हिव्ह डिंगल यांनी हे तपासलं. त्यांनी १८ ते ३४ वयाच्या ३९ चाहत्यांना आधी राग आणणाऱ्या प्रसंगांबद्दल बोलायला लावलं. मग काहींना त्यांच्या आवडीचं जहाल संगीत ऐकू दिलं आणि काहींना शांत बसवलं. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. संगीत ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही, उलट त्यांना उत्साह आणि उमेद वाटली. अभ्यास लहान आहे, पण उलट बाजूने छातीठोकपणे बोलणाऱ्यांकडे तेवढाही आधार नाही. दिवसभर वरिष्ठाची बोलणी खाऊन, हिंजवडीच्या कोंडीत दीड तास अडकून आलेल्या माणसाने आपला संताप तालात मोकळा केला, यात कुणाचं काय बिघडलं?

सैतानाचा आरोप सर्वांत जुना. १९७० च्या फेब्रुवारीत ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडचा पहिला अल्बम आला. त्यातलं पहिलं गाणं ज्या स्वरांवर उभं आहे, त्यात षड्ज आणि तीव्र मध्यम यांचं अंतर आहे. युरोपात या अंतराचा संबंध सैतानाशी जोडायची जुनी रूढी आहे. आपल्याकडे गाण्याच्या क्लासला जाणारं मूल हा तीव्र मध्यम यमनमध्ये शिकतं, आणि त्याची आई दिवेलागणीला ते कौतुकाने ऐकते. मैफलीत तर्जनी आणि करंगळी उभारून केली जाणारी ती 'सैतानी' खूण लोकप्रिय केली रॉनी जेम्स डिओ या गायकाने. ती त्याला त्याच्या इटालियन आजीकडून मिळाली, आणि ती वाईट नजर लागू नये म्हणून करायची खूण होती. आपली आजी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढते, ती काय सैतानाची भक्ती असते?

अमेरिकेत ज्यूडस प्रीस्ट या बँडच्या गाण्यात छुपा संदेश होता आणि त्यामुळे दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली, असा दावा त्यांच्या कुटुंबांनी केला होता. १९९० साली नेवाडातल्या न्यायालयाने तो फेटाळला. नॉर्वेत ९० च्या दशकात काही ब्लॅक मेटल वादकांनी चर्च जाळली आणि त्यातल्या दोघांनी खून केले, हेही खरं. ते तुरुंगात गेले. मूठभर गुन्हेगारांवरून जगभरातल्या लाखो श्रोत्यांचा न्याय करायचा, तर कुठलं संगीत, कुठला पंथ, कुठला पक्ष सुटेल? आणि मुंबईच्या डीमॉनिक रेझरेक्शन या बँडने २०१७ साली काय केलं? 'दशावतार' नावाचा अल्बम. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह असे विष्णूचे दहा अवतार, अवतारागणिक एक रचना. बँडच्या नावात राक्षस दिसला की पुढचं वाचायचंच नाही, असं ठरवलेल्यांपर्यंत ही बातमी कशी पोहोचणार?

'हे आपलं नाही' हा आक्षेप पुण्यात घेणं तर फारच अवघड जायला हवं. बालगंधर्वांच्या गाण्यामागे सुरांची साथ करणारा ऑर्गन युरोपातून आला. पेटीही तिकडचीच. आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षांहून अधिक काळ पेटीला दारं बंद ठेवली, आणि आज पेटीशिवाय आपली मैफल सजत नाही. व्हायोलिनचं तेच. लग्नाच्या वरातीतला बँड ब्रिटिश पलटणींचा. पुण्यापासून तीन-एक तासांवर पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारूख बुलसारा नावाचा पारशी मुलगा १९५४ साली आला, तिथे १९५८ मध्ये त्याने मित्रांबरोबर द हेक्टिक्स नावाचा बँड काढला. पुढे क्वीन या बँडचा फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाने त्याला डोक्यावर घेतलं. पुण्यातच मोहन कन्नन आणि कौस्तुभ धवळे यांनी अग्नी हा रॉक बँड उभा केला. सह्याद्रीच्या या बाजूला गिटार परकी, असं म्हणायला आता साठ वर्षं उशीर झालेला आहे.

श्रीमंतांचे चोचले? मेटलचा जन्म बर्मिंगहॅमच्या कामगारवस्तीत झाला. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. मशीनखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा वादक, म्हणजे तारा दाबण्याचा हातच अधू झाला. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं बनवली, पुढे तारांचा ताण कमी करण्यासाठी गिटार खालच्या सुरात लावली, आणि त्यातून तो जड, खोल नाद आला ज्यावर पुढची पन्नास वर्षं हे संगीत उभं राहिलं. प्रेसखाली बोटं जाणं भोसरी-चाकणच्या वर्कशॉपना नवं नाही. या संगीताची कुळकथा कळायला पुणे-पिंपरीइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी क्वचितच असेल.

आज महोत्सवाचं तिकीट महाग आहे, हे मात्र खरं, आणि त्यावर चिडायलाच हवं. पण ते महाग कुणामुळे झालं? १९८६ साली मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला. शहराच्या मधोमध खुलं नाट्यगृह, लोकलने येता येईल असं. पुढे तो भाग शांतता क्षेत्रात धरला गेला आणि २००३ पासून रंगभवन अशा मैफलींना बंद झालं. त्याच्या बदल्यात दुसरी जागा कुणी दिली? श्रोत्याला शहराबाहेरच्या लॉन्सवर ढकललं. तिथे मंच, ध्वनियंत्रणा, जनरेटर, संडासांपासून सगळं तीन दिवसांसाठी उभारावं लागतं आणि त्याची किंमत तिकिटावर येते. लहान बँडसाठी उरले फक्त कोरेगाव पार्क-मुंढव्याचे पब. मग पबमध्ये दारू विकली जाते म्हणून त्याच श्रोत्याला दारुडा ठरवायचं! महाराष्ट्राच्या कायद्यात बीअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे, म्हणजे या संगीताच्या सोळा ते वीस वयाच्या श्रोत्याला कायद्याने तिथे प्यायची मुभाच नाही. त्याला हवा असतो तो बँड. तुम्ही त्याला बँड ऐकायला दारूच्या दुकानाशिवाय जागा ठेवली नाही. वीकेंडरच्या नावापुढे वर्षानुवर्षं एका मद्याचं नाव झळकलं, हे भूषणावह नाही. पण संगीताला आश्रय देणाऱ्या किती बँका, किती सहकारी संस्था, किती वाहन कारखाने त्या जागी उभे राहायला पुढे आले?

आवाजाचा त्रास शेजाऱ्यांना होतो, ही तक्रार रास्त असेल तिथे ऐकलीच पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवायला सांगितले आहेत, आणि सरकारला वर्षात फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. रात्रभर चालणाऱ्या सवाईलाही या नियमाने आपलं वेळापत्रक बदलावं लागलं. रॉकच्या मैफलीलाही तो लागू आहे, आणि तिकीट काढलेला श्रोता शेवटचं गाणं अर्धवट सोडून दहाला बाहेर पडतो. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी दरवर्षी आवाज मोजतात आणि आकडा शंभर डेसिबलच्या आसपास जातो. तो रस्त्यावर राहणाऱ्या आजारी माणसाच्या घरात, त्याला न विचारता, मिरवणूक संपेपर्यंत घुमत राहतो. गणेशोत्सव बंद करा, असं कुणाचं म्हणणं नाही. पण ज्याने पैसे मोजून, वेशीबाहेर जाऊन, ठरल्या वेळेत मोठा आवाज स्वतःच्या कानांवर घेतला, त्याला शहराच्या शांततेचा शत्रू ठरवायचं असेल, तर तेच माप सगळीकडे लावा.

कानांची काळजी हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली. जाणते चाहते कानात फोमचे बोळे घालून उभे राहतात आणि नवख्यांनाही देतात. आयोजकांनी ते फाटकावर वाटायला हवेत, आवाजाचा आकडा सर्वांना दिसेल असा लावायला हवा. याबद्दल चाहत्यांनीच सर्वांत आधी आग्रह धरावा.

वय झालं की उतरेल, हे भाकीत तर कधीच खोटं ठरलं. १७ मार्च २००७ रोजी बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन हा बँड आला, तेव्हा पुण्या-मुंबईहून रात्रीच्या बसने गेलेली पोरं आज चाळिशीत आहेत. ती अजूनही येतात, मुलांना खांद्यावर घेऊन, त्यांच्या कानांवर जाड हेडफोन चढवून. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बोर्न सिंहासनावर बसून शेवटचं गायला, तेव्हा तो ७६ वर्षांचा होता. १७ दिवसांनी तो गेला.

आता पुणे महापालिकेकडे या. १९६८ मध्ये बालगंधर्व रंगमंदिर उभं करताना या शहराने नाटकाच्या प्रेक्षकाला मान दिला. त्याच्या पुनर्विकासाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, तीत रंगकर्मींना विचारलं जातं आणि ते योग्यच आहे. पण उभ्याने गाणं ऐकणाऱ्या हजारो पुणेकरांसाठी या शहरात महापालिकेची एकही जागा नाही. त्यांना खुर्च्या नकोत, झुंबर नको. दुहेरी भिंतींचं, आवाज बाहेर जाऊ न देणारं, दीड-दोन हजार माणसं मावतील असं एक साधं सभागृह हवं, बस आणि मेट्रोने जाता येईल अशा ठिकाणी. रुंद फाटकं, प्यायला पाणी, एक डॉक्टर, आणि दारूशिवाय प्रवेश. दहाच्या ठोक्याला बंद. कॉलेजातल्या चार पोरांच्या बँडलाही परवडेल असं भाडं. हे शहर ज्यांच्याकडून कर घेतं आणि ज्यांच्या जोरावर स्वतःला तरुणांचं शहर म्हणवतं, त्या श्रोत्यांचा हा हक्क आहे, आणि तो त्यांनी महापालिकेच्या दारात जाऊन मागावा.